छोटे आनंद टिपायचे कसे, सांगायचे कसे: नेमका क्रम आणि नेहमीच्या चुका

रोजच्या चांगल्या गोष्टी लिहायला घेतलेली वही बहुतेकांच्या हातून दुसऱ्या आठवड्यात सुटते. पहिल्या पानावर ‘कुटुंब, आरोग्य, काम’, दुसऱ्या पानावर ‘आरोग्य, कुटुंब, मित्र’ आणि पुढे कोरी पानं. दुसरीकडे काही जण काही छान दिसलं की लगेच फोटो काढून मोठ्या ग्रुपवर टाकतात. चार अंगठे येतात, दोन फुलं येतात. पण सकाळी नेमकं काय आवडलं होतं, हे संध्याकाळी विचारलं तर त्यांना सांगता येत नाही.

दोघांचीही इच्छा खरी असते. चुकतो तो क्रम. पहिला माणूस क्षणापाशी न थांबता लिहायला बसतो आणि दुसरा न थांबता, न लिहिता थेट सांगायला जातो. म्हणून खालचे टप्पे दिलेल्या क्रमानेच करा. पहिले तीन जमल्याशिवाय चौथ्याकडे वळू नका, त्याला आठवडा लागला तरी चालेल.

## तयारी

तयारीला अर्धा तास पुरतो, पण ती टाळू नका. अर्धवट सुटलेले बहुतेक प्रयत्न इथेच कच्चे राहिलेले असतात.

लिहायची जागा एकच ठेवा. खिशात मावणारी वही किंवा फोनमधलं एकच टिपण, दोन्हींपैकी काहीही. थोडं वहीत, थोडं फोनमध्ये, थोडं स्वतःलाच पाठवलेल्या मेसेजमध्ये असं झालं की शेवटचा टप्पा, म्हणजे परत वाचणं, कधीच होत नाही.

वेळ ठरवू नका, खूण ठरवा. ‘रोज रात्री नऊ वाजता लिहीन’ हा संकल्प पहिल्या गडबडीच्या दिवशीच मोडतो. त्याऐवजी आधीपासून रोज होणारी एखादी गोष्ट धरा: ‘दिवा मालवायच्या आधी’, ‘घरात शिरून चपला काढल्या की’. मानसशास्त्रज्ञ पीटर गॉल्विट्झर यांनी 1999 मध्ये अशा ‘जर अमुक झालं, तर मी तमुक करीन’ प्रकारच्या ठरावांवरचं संशोधन एकत्र मांडलं. नुसत्या इच्छेपेक्षा असा ठराव अधिक वेळा पाळला जातो, कारण आठवण करून द्यायचं काम ती खूणच करते.

दोन माणसांची नावं लिहा. तुमचं चांगलं ऐकून ज्यांना मनापासून बरं वाटतं, अशी दोन माणसं. दोन सापडली नाहीत तर एक पुरे. एकही आठवलं नाही तरी पहिले तीन टप्पे सुरू करा. नाव नंतर सुचतं.

छोटी गोष्ट म्हणजे किती छोटी, हे आधीच पक्कं करा. तिला जागा असावी, वेळ असावी आणि ती एका वाक्यात दाखवता यावी. ‘माझं घर’ ही चांगली गोष्ट आहे, पण तो क्षण नव्हे. ‘दुपारी जमिनीवर उन्हाचा चौकोन पडला होता आणि मी पाय त्यात ठेवून बसले’ हा क्षण आहे.

> सावधान: सलग दोन आठवडे किंवा त्याहून जास्त, दिवसाचा बहुतेक वेळ मन खिन्न असेल, कशातच रस वाटत नसेल, झोप आणि भूक बिघडली असेल, तर ही वही त्यावरचा उपचार नाही. आधी डॉक्टरांशी बोला. अशा काळात ‘मला चांगलं काही दिसतच नाही’ असा अपराधीपणा वाढण्याचीच शक्यता जास्त असते.

## टप्पा 1: सापडणं

चांगली गोष्ट आपोआप नजरेत भरेल, या समजुतीत राहू नका. मनाचा कल उलटा आहे. रॉय बाउमायस्टर आणि सहकाऱ्यांनी 2001 मध्ये अनेक क्षेत्रांतलं संशोधन पडताळून पाहिलं. त्यांना जवळपास सगळीकडे हेच दिसलं, की वाईट घटनेचा ठसा तेवढ्याच आकाराच्या चांगल्या घटनेपेक्षा खोल उमटतो. त्यात मन मुळात जागेवर नसतं. मॅथ्यू किलिंग्सवर्थ आणि डॅनियल गिल्बर्ट यांनी 2010 मध्ये 2,250 प्रौढांना दिवसभरात अधूनमधून फोनवरून विचारलं, ‘आत्ता काय करताय, मन कुठे आहे?’ सुमारे 47 टक्के वेळा मन हातातल्या कामावर नव्हतंच. म्हणजे पाहण्यासाठी मुद्दाम जागा करावी लागते.

तरीही दिवसभर शोधत हिंडू नका. ही पहिली मोठी चूक. सतत ‘यात काही छान आहे का?’ असं विचारत राहिलं की माणूस दमतो आणि प्रत्येक साध्या क्षणाची परीक्षा घेऊ लागतो. दिवसातला अर्ध्या तासाचा एकच तुकडा निवडा. कामावर जायची वाट, दुपारची सुट्टी किंवा मुलं झोपल्यानंतरचा वेळ. आठवडाभर तोच तुकडा ठेवा.

त्या अर्ध्या तासात कुठे पाहायचं, यासाठी काही दिशा:

- थांबलेला त्रास. ही जागा सर्वांत समृद्ध आहे आणि तिच्याकडेच सर्वांत जास्त दुर्लक्ष होतं. दुखणारा दात आज दुखला नाही. शेजारचं ड्रिलिंग बंद झालं आणि घरात एकदम शांत वाटलं. आठवडाभर चोंदलेलं नाक मोकळं झालं. त्रास असताना आपण दर तासाला त्याचा हिशेब ठेवतो, पण तो गेला की त्या जाण्याची नोंद कुणीच घेत नाही.
- जमलेलं काम. अडकलेली चेन सुटली, हरवलेला कागद सापडला, अवघड मेल दोनच ओळींत लिहून झाली.
- कुणीतरी केलेलं. अनोळखी माणसाने लिफ्टचं दार धरलं. सहकाऱ्याने न विचारता प्रिंटरमध्ये कागद भरून ठेवला.
- तुम्ही कुणासाठी केलेलं. हे लिहायला लोक संकोचतात. स्वतःची फुशारकी वाटते म्हणून गाळतात. गाळू नका, वही तुमचीच आहे.
- इंद्रियांना मिळालेलं. धुतलेल्या चादरीचा स्पर्श, पाऊस थांबल्यानंतर पागोळ्यांचा आवाज.

> तपासा: तीन दिवसांनंतर मागे वळून पाहा. सापडलेल्या सगळ्या गोष्टी एकाच दिशेच्या असतील, उदाहरणार्थ सगळ्या ‘जमलेलं काम’ या प्रकारातल्या, तर पुढचे तीन दिवस ती दिशा बंद ठेवा. नाहीतर ही वही कामाच्या यादीसारखी होऊन बसते.

## टप्पा 2: थांबणं

गोष्ट दिसली की तीन सावकाश श्वास तिथेच राहा. एवढाच हा टप्पा. लिहायला अगदी लहान आहे, पण माझ्या मते सगळ्यात जास्त वेळा गाळला जातो तो हाच.

या तीन श्वासांत एकच काम करायचं: एक बारकावा निवडायचा. रंग, आवाज, कुणाच्या हाताची हालचाल, कुणी वापरलेला एखादा शब्द. नंतर लिहिताना त्या बारकाव्याला धरूनच बाकीचं सगळं परत येतं.

फोन श्वासांनंतर. मानसशास्त्रज्ञ लिंडा हेंकेल यांचा 2014 मध्ये प्रसिद्ध झालेला एक प्रयोग इथे लक्षात ठेवण्यासारखा आहे. त्यांनी लोकांना संग्रहालयात फिरवलं. काही वस्तू नुसत्या पाहायच्या होत्या, काहींचे फोटो काढायचे होते. ज्या वस्तूंचे फोटो काढले, त्या लोकांना नंतर कमी आठवल्या. मात्र वस्तूच्या एखाद्या भागावर कॅमेरा जवळ नेऊन फोटो काढला, तेव्हा आठवण घटली नाही. त्यातून घ्यायचा नियम सोपा आहे. आधी पाहा, बारकावा निवडा, मग फोटो काढायचाच असेल तर त्या बारकाव्याचा काढा.

> सावधान: थांबलेले असताना ‘हे कुणाला सांगू?’ हा विचार आला की त्याला मागे ठेवा. सांगण्याची वाक्यं मनात जुळायला लागली, की आपण पाहणं सोडून वर्णन करू लागतो.

## टप्पा 3: टिपणं

ठरवलेल्या खुणेला वही उघडा. एका नोंदीत चार गोष्टी हव्यात: कुठे-केव्हा, काय झालं, एक बारकावा आणि ते कशामुळे घडलं. तीन-चार ओळी पुरतात.

नेहमी दिसणारी नोंद:

*आज मुलीबरोबर छान वेळ गेला. खूप आनंद वाटला.*

तीच गोष्ट टिपलेली:

*संध्याकाळी जिन्यात. ती पुढे उड्या मारत चढत होती, तिसऱ्या मजल्यावर थांबली आणि मागे हात केला, न बघता. मी पोचेपर्यंत हात तसाच. मी आज लवकर निघाले म्हणून हे झालं.*

पहिल्या नोंदीत ‘छान’ आणि ‘आनंद’ हे शब्दच सगळी जागा घेतात. सहा महिन्यांनी ती वाचली तर काहीच दिसणार नाही. दुसरीत आनंद हा शब्दही नाही, तरी तो दिसतो. म्हणून पहिले दोन आठवडे एक बंधन घाला: छान, मस्त, सुंदर, आनंद, समाधान, प्रसन्न हे शब्द वहीत वापरायचे नाहीत.

चौथी गोष्ट, ‘कशामुळे’, वगळायचा मोह होतो. वगळू नका. मार्टिन सेलिग्मन आणि सहकाऱ्यांनी 2005 मध्ये तपासलेल्या प्रसिद्ध व्यायामात रोज रात्री, आठवडाभर, तीन चांगल्या गोष्टी लिहायच्या होत्या आणि प्रत्येकीचं कारणही. सहा महिन्यांपर्यंत त्याचा चांगला परिणाम दिसला आणि आठवडा संपल्यावरही ज्यांनी आपणहून लिहिणं चालू ठेवलं, त्यांना जास्त फायदा झाला. कारण लिहिलं की एक व्यवहारी गोष्टही हाती येते. ‘लवकर निघाले म्हणून’, ‘फोन पिशवीत होता म्हणून’, ‘मी आधी विचारलं म्हणून’ अशी कारणं परत परत दिसायला लागतात आणि त्यातली बरीचशी आपल्या हातातली असतात.

किती वेळा लिहायचं? इथे जास्त म्हणजे चांगलं असं नाही. सोन्या ल्युबोमिर्स्की आणि सहकाऱ्यांच्या सहा आठवड्यांच्या प्रयोगात, आठवड्यातून एकदा कृतज्ञतेच्या गोष्टी मोजणाऱ्यांना फायदा झाला, तीनदा मोजणाऱ्यांना झाला नाही. रोजचं लिहिणं यांत्रिक झालं की त्याची धार जाते. माझा सल्ला असा: पहिला आठवडा रोज एक नोंद, कारण हात बसायला हवा. नंतर आठवड्यातून एक किंवा दोन वेळा, पण नीट. दहा ओढूनताणून लिहिलेल्या नोंदींपेक्षा एक भरलेली नोंद कितीतरी बरी.

> तपासा: नोंद वाचून अनोळखी माणसाला चित्र दिसेल का? दिसत नसेल तर एक बारकावा वाढवा. विशेषण वाढवू नका.

## टप्पा 4: निवडणं

प्रत्येक नोंद सांगायची नसते. काही क्षण फक्त आपल्याकडेच राहिलेले बरे, आणि तसं ठेवताना मनाला चुटपुट लागू देऊ नका. सांगण्याआधी इतकंच पाहा:

ही गोष्ट मुळात माझी आहे का? मित्राने विश्वासाने सांगितलेली बातमी, मुलाने एकांतात काढलेले उद्गार, आजारी माणसाचा हळवा क्षण, हे त्यांचं आहे. त्यांना विचारल्याशिवाय पुढे जाऊ नये.

समोरच्याला आत्ता हे झेपेल का? ज्याची नोकरी नुकतीच गेली आहे, त्याला आपल्या बढतीची छोटीशी कौतुकाची गोष्टही टोचते. पण त्याच माणसाला ‘तू दिलेली छत्री आज कामाला आली’ हे मात्र आवडेल. माणूस टाळायचा नाही, गोष्ट बदलायची.

आणि मला यातून काय हवंय? कौतुक हवं असेल तर तसं स्वतःशी मान्य करा. कौतुकाची वाट पाहत सांगितलेला क्षण, ते मिळालं नाही की कडू होतो.

## टप्पा 5: सांगणं

गोष्ट ज्याच्यामुळे घडली, त्याला सर्वांत आधी सांगा. लोक हेच टाळतात, कारण अवघडल्यासारखं वाटतं. अमित कुमार आणि निकोलस एप्ली यांनी 2018 मध्ये आभाराची पत्रं लिहिणाऱ्यांचे आणि ती मिळालेल्यांचे अनुभव ताडून पाहिले. लिहिणाऱ्यांना वाटलं होतं त्यापेक्षा पत्र मिळालेल्यांना जास्त आनंद झाला होता, आणि जेवढी भीती होती तेवढं त्यांना अवघडल्यासारखं झालंच नव्हतं.

सांगताना दृश्यापासून सुरुवात करा, भावनेपासून नको.

*‘तू खरंच खूप चांगला आहेस, तुझ्यासारखे सहकारी मिळणं भाग्य आहे!’* यावर समोरच्याने काय बोलायचं? तो संकोचून ‘अरे, काय हे’ म्हणतो आणि विषय संपतो.

*‘काल मीटिंगमध्ये माझं वाक्य अर्धं राहिलं होतं ना, तेव्हा तू म्हणालास, तिचं पूर्ण होऊ दे. मला रात्रीपर्यंत ते आठवत होतं.’* यात त्याला नेमकं काय केलं ते कळतं आणि बोलायला वाट मिळते.

बाकी माणसांसाठी तीन सूचना. एका वेळी एकच माणूस, तुमच्या यादीतल्या दोघांपैकी. एका वेळी एकच गोष्ट. आणि शक्यतो आवाजात: समोरासमोर किंवा फोनवर. मेसेज पाठवायचाच असेल तर फोटोबरोबर एक पूर्ण वाक्य लिहा. नुसत्या फोटोला नुसतंच चिन्ह परत येतं.

> सावधान: सांगून झाल्यावर लगेच ‘तुझं काय चांगलं झालं आज?’ असं विचारू नका. समोरच्याला पाळी आल्यासारखं वाटतं आणि तो काहीतरी जुळवून सांगतो. त्याला स्वतःहून यायला वेळ द्या.

## टप्पा 6: ऐकणं

हा या लेखातला सर्वांत महत्त्वाचा टप्पा आहे. घरात चांगल्या गोष्टी सांगायची सवय रुजते की मरते, हे सांगणाऱ्यापेक्षा ऐकणाऱ्यावर ठरतं.

शेली गेबल आणि सहकाऱ्यांनी 2004 मध्ये जोडप्यांचा अभ्यास केला तो याच प्रश्नावर: चांगली बातमी सांगितल्यावर जोडीदार कसा प्रतिसाद देतो? त्यांनी प्रतिसादाचे चार प्रकार धरले. त्यातला एकच, उत्साहाने आणि रस घेऊन दिलेला प्रतिसाद, चांगल्या नात्याशी जोडलेला दिसला. बाकीच्या तीन प्रकारांत वरवर गोड वाटणारा एक प्रकारही होता, हे विशेष.

घरातलं उदाहरण घेऊ. मुलगी शाळेतून येऊन म्हणते, ‘बाबा, आज बाईंनी माझा निबंध वर्गात वाचून दाखवला.’

- ‘अरे वा, छान.’ (नजर फोनमध्येच.) हा तो वरवर गोड प्रकार. बाबांना वाटतं आपण कौतुक केलं. मुलीला कळतं की विषय संपला.
- ‘बरं, हात धुतलेस का? उद्याचं गणित झालं?’ बातमी ऐकलीच गेली नाही.
- ‘निबंध ठीक आहे गं, पण शुद्धलेखन सुधार. आणि आता दर वेळी असंच लिहावं लागेल.’ काळजीपोटी बोललेलं असतं, पण आनंदाला तिथल्या तिथे ओझं होतं.
- ‘वर्गात? सगळ्यांसमोर? कुठला भाग वाचला बाईंनी? तू तेव्हा कुठे बघत होतीस?’ आता मुलगी तो क्षण पुन्हा जगते, आणि या वेळी बाबाही त्यात असतात.

चौथ्या उत्तरात स्तुतीचा एकही शब्द नाही. नुसते प्रश्न आहेत, आणि सगळे प्रश्न दृश्याबद्दलचे. हीच पद्धत उचला. कुणी काही चांगलं सांगितलं की कौतुकाआधी एक प्रश्न विचारा: कुठे होतास, पुढे काय झालं, तिचा चेहरा कसा झाला. खोटा उत्साह दाखवायची गरज नाही. मवाळ स्वभावाचा माणूस हळू आवाजात एक नेमका प्रश्न विचारून हेच काम करू शकतो.

या टप्प्यावर होणाऱ्या चुका प्रेमळ माणसांकडूनच होतात. लगेच स्वतःची गोष्ट सुरू करणं: ‘माझंही तसंच झालं होतं.’ लगेच सल्ला देणं. लगेच धोका दाखवणं. आणि सांगणाऱ्याला मोठ्या ग्रुपवर ते टाकायला लावणं किंवा आपणच टाकणं. मुलांच्या बाबतीत हे शेवटचं तर अजिबात नको. एकदा त्यांची गोष्ट न विचारता बाहेर गेली, की पुढची गोष्ट ती सांगतील याची खात्री नाही.

> तपासा: या आठवड्यात कुणी ना कुणी तुम्हाला काहीतरी चांगलं सांगितलं असेल. त्यातला एक तपशील आत्ता आठवतो का? आठवत नसेल तर पुढचा आठवडा सांगणं पूर्ण थांबवा आणि फक्त ऐका.

## अडखळलात तर

दिवस खरोखर वाईट होता. मग लिहू नका. किंवा जे झालं तेच सरळ लिहा. वाईटाखाली जबरदस्तीने ‘पण तरीही…’ जोडायचं नाही. दुःखात असलेल्या दुसऱ्या माणसाला तर ‘यातलं चांगलं बघ’ हे कधीही सांगू नका. त्याच्याजवळ बसा.

तेच तेच येतंय. एखादी ओळखीची गोष्ट घ्या आणि ती घडलीच नसती तर काय झालं असतं, हे चार ओळींत लिहा. त्या दिवशी बस चुकली नसती, तर या मैत्रिणीशी ओळख झालीच नसती. मिन्क्युंग कू आणि सहकाऱ्यांच्या 2008 मधल्या प्रयोगांत, चांगली गोष्ट कशी घडली हे लिहिण्यापेक्षा ती कशी घडली नसती हे लिहिणाऱ्यांना अधिक बरं वाटलं होतं. ओळखीच्या गोष्टीची नवलाई अशी परत येते.

घरात कुणी हसतं, थट्टा करतं. त्यांना यात ओढू नका, पटवायलाही जाऊ नका. फक्त त्यांच्या गोष्टी ऐकताना सहावा टप्पा पाळा. मी अनेकदा पाहिलं आहे, वही लिहायला तयार नसलेली माणसंही नीट ऐकलं गेल्यावर बोलू लागतात.

## टप्पा 7: परत वाचणं

महिन्यातून एकदा, दहा मिनिटं, मागच्या नोंदी वाचा. लिहिताना अगदी किरकोळ वाटलेल्या नोंदी आधी वाचा. 2014 मध्ये टिंग झांग आणि सहकाऱ्यांनी लोकांना त्या वेळचे साधे, रोजचे अनुभव लिहून ठेवायला लावले आणि ते काही महिन्यांनी पुन्हा वाचायला किती आवडतील, याचा अंदाज विचारला. प्रत्यक्षात ते लोकांना अंदाजापेक्षा खूप जास्त आवडले, आणि साध्या दिवसांबाबत हा अंदाज विशेष चुकला.

वाचताना पेन हातात ठेवा. ‘कशामुळे’ या भागातलं जे कारण तीनदा दिसेल, त्याच्याखाली रेघ मारा. पुढच्या महिन्यात ते कारण एकदा तरी मुद्दाम घडवून आणा.

एखादी नोंद कुणाबद्दल असेल आणि ती तेव्हा सांगायची राहून गेली असेल, तर तीन महिन्यांनी सांगितली तरी चालते. ती जशी लिहिली होती तशीच, वर तारीख घालून पाठवा.